प्रामाणिक गिऱ्हाइकालाच कुलूप कशासाठी?

(एका अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



व्हिडिओ गेम हा काय अभ्यासवर्गात चर्चा करण्याचा विषय आहे, असा प्रश्न येथे जमलेल्यांपैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. शंका गैर नाही. पण ज्या व्यवसायाची उलाढाल जगभरच्या चित्रपटगृहांच्या उत्पन्नाला केव्हाच मागे टाकून गेली, आणि ज्याच्या निमित्ताने ‘पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची असते की नाही’ हा मालमत्तेविषयीचा मूळ प्रश्न नव्या रूपात उभा राहिला, त्या व्यवसायाकडे पोरखेळ म्हणून पाहणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. शिवाय या खेळांच्या निर्मात्यांपुढे गेली चाळीसएक वर्षे जो पेच आहे तो खेळांपुरता राहिलेला नाही. पुस्तके, गाणी, चित्रपट यांना तो लागू झालाच. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्येही संगणकाचे कुलूप येऊन बसले आहे.

पेच असा आहे. एखादा मोठा खेळ तयार करायला शेकडो माणसे चार-चार, पाच-पाच वर्षे राबतात. पहिली प्रत हाती येईपर्यंत कोट्यवधी डॉलर खर्ची पडतात. दुसऱ्या प्रतीला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. आपल्या परिभाषेत सीमान्त खर्च शून्यावर येतो. ज्वारीचे पोते एकाने उचलून नेले तर दुसऱ्याला ते उरत नाही. खेळाची नक्कल एकाने उतरवून घेतली तरी मूळ प्रत जागच्या जागी असते. म्हणून नक्कल करणाऱ्याला आपण चोरी करतो आहोत असे वाटत नाही, आणि निर्मात्याला मात्र घर लुटले गेल्यासारखे वाटते. दोघांच्याही वाटण्यात काही तथ्य आहे. केनेथ ॲरो यांनी १९६२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच विरोध मांडला होता : ज्ञान एकदा निर्माण झाले की ते सर्वांना फुकट मिळावे हे समाजाच्या हिताचे, परंतु ते फुकट मिळू लागले तर निर्माण करण्याचा खटाटोप कोण करील?

या पेचातून सुटण्यासाठी उद्योगाने कुलपाचा मार्ग निवडला. १९८०च्या दशकात खेळ सुरू करताच पडद्यावर प्रश्न येई : माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतला तिसरा शब्द कोणता? कधी पुठ्ठ्याच्या चकत्या एकमेकींवर फिरवून खुणेचा शब्द शोधावा लागे. इंग्लंडमध्ये १९८५च्या सुमारास ‘लेन्सलॉक’ नावाचे एक प्लॅस्टिकचे भिंग निघाले. ते दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यासमोर धरले की विस्कटलेली अक्षरे जुळून दिसत. ‘एलीट’ या गाजलेल्या खेळाच्या काही खोक्यांत चुकीचे भिंग गेले, आणि रोख पैसे मोजून खेळ घेतलेल्या मुलांना तो सुरूच करता आला नाही. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या भिंगात आहे.

२००८ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या बलाढ्य अमेरिकी कंपनीने ‘स्पोर’ हा खेळ बाजारात आणला. तो तीनच वेळा संगणकावर बसवता येईल अशी अट होती. संगणक बदलला, बिघडला, पुन्हा बसवला, की एकेक संधी खर्च होणार. म्हणजे पैसे पूर्ण खेळाचे आणि हाती आली ती भाड्याची वस्तू. संतापलेल्या हजारो ग्राहकांनी ॲमेझॉनच्या विक्रीपानावर एकेक तारा देऊन निषेध नोंदविला. कंपनीने तीनाचे पाच केले. आणि ज्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी हा उपद्व्याप केला, त्या बाबतीत काय झाले? त्या वर्षी सर्वाधिक नक्कल झालेल्या खेळांत स्पोरचेच नाव अग्रभागी झळकले. नकलेत तीन वेळांची अट नव्हती.

दोन वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने याच्याही पुढचे पाऊल टाकले. खेळ एकट्याने घरात बसून खेळायचा असला तरी इंटरनेटची जोडणी अखंड चालू हवी. ती तुटली की खेळ जागीच थांबणार. बाजारात आल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच कंपनीच्या सर्व्हरवर कोणीतरी हल्ला केला आणि विकत घेणारे ताटकळत बसले. तीन वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, ‘सिमसिटी’ची हीच गत झाली. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, सर्व्हर कोसळले, नगररचनेचा खेळ विकत घेतलेल्यांना कित्येक दिवस आपल्या नगराच्या वेशीबाहेर उभे राहावे लागले. कंपनीने दिलगिरी म्हणून प्रत्येकाला एक खेळ फुकट दिला. इंटरनेटशिवाय हा खेळ चालणे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड, असे आधी सांगण्यात येत होते. वर्षभरात, मार्च २०१४ मध्ये, तो तसा चालू लागला!

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही आपल्याकडची म्हण या सर्व प्रकारांना नेमकी लागू पडते. आणि हा केवळ योगायोग नाही, तो कुलपाच्या स्वरूपातच आहे. घराचे कुलूप चोर आणि मालक या दोघांनाही सारखेच दिसते. मालकाकडे किल्ली असते एवढाच फरक. खेळाच्या कुलपाची गोष्ट निराळी. जगात कोणा एकाने ते एकदा तोडले की त्याने वाटलेल्या प्रत्येक नकलेत ते तुटलेलेच असते. चोरट्या प्रतीवर खेळणाऱ्या लाखो जणांना कुलूप होते याचीही कल्पना नसते. त्याचा जाच उरतो तो एकट्या पैसे देणाऱ्याला. अशा रीतीने बाजारात एकाच वस्तूच्या दोन प्रती तयार होतात : एक फुकटची आणि सोयीची, दुसरी महागाची आणि अडचणीची. गिऱ्हाइकाने दुसरी निवडावी ही अपेक्षा मग निव्वळ नीतीच्या बळावर टिकवावी लागते. नीतीवर एवढा भार टाकणारा व्यापारी स्वतः मात्र गिऱ्हाइकाच्या नीतीवर काडीचाही विश्वास ठेवत नाही, ही त्यातली मौज.

याच्या उलट मार्गही तितकाच जुना आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या इन्फोकॉम या छोट्या कंपनीने ‘डेडलाइन’ नावाचा खुनाच्या तपासाचा खेळ काढला. त्या काळच्या तबकडीवर फारच थोडा मजकूर मावत असे. म्हणून साक्षीदारांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, इतकेच काय, घटनास्थळी सापडलेल्या गोळ्यांची पुडीसुद्धा खोक्यात घालून दिली होती. ही सोय मुळात जागेच्या टंचाईपोटी केलेली. पण तिचा दुसरा गुण लगेच ध्यानात आला. तबकडीची नक्कल करता येई, गोळ्यांच्या पुडीची करता येत नसे. त्याच सुमारास ‘अल्टिमा’ या मालिकेच्या खोक्यात कापडावर छापलेला नकाशा येऊ लागला. विकत घेणाऱ्याच्या हाती काहीतरी अधिक पडावे, हे सूत्र त्यात होते. आपल्याकडे साप्ताहिकाच्या वर्गणीदाराला दिवाळी अंक वेगळे पैसे न घेता पाठवितात किंवा प्रकाशनपूर्व नोंदणी करणाऱ्याला पुस्तक सवलतीत देतात, त्यामागचा विचार याहून फारसा निराळा नाही.

परंतु या सूत्राची खरी कसोटी लागली ती अमेरिकेत नव्हे, पोलंडमध्ये. आणि ती कहाणी जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

कम्युनिस्ट राजवटीत पोलंडमध्ये परदेशी चलनाची टंचाई होती. पाश्चात्त्य खेळ अधिकृतपणे येतच नसत. वॉर्साच्या आठवडी संगणक-बाजारात ते नकलांच्या रूपाने मिळत. संगणकप्रणालींना स्पष्ट संरक्षण देणारा पोलंडचा कायदा झाला तो १९९४ साली. त्यापूर्वीचा विक्रेता आपण काही गैर करीत आहोत असे समजतच नव्हता. हे चित्र आपल्याला अपरिचित वाटू नये. जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्राची नक्कल पोलंडमध्ये ‘पेगासस’ या नावाने घरोघर गेली, तशाच नकला १९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांतही दूरचित्रवाणी संचाला जोडल्या जात होत्या. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फुटपाथवर मांडलेल्या सीडींच्या ढिगात मूळ प्रत शोधून सापडणे कठीण होते. मूळ प्रतीची किंमत परदेशी ग्राहकाचे उत्पन्न धरून ठरवलेली, दुकाने दोन-चार, भाषा परकी. जिथे मूळ वस्तू पोहोचतच नाही तिथे नकलेने तिची विक्री बुडविली, या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

१९९४ साली मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या वॉर्सातल्या दोन शाळासोबत्यांनी सीडी प्रोजेक्ट नावाची छोटी कंपनी काढून अमेरिकेतून खेळांच्या सीडी आयात करायला सुरुवात केली. शाळकरी वयात इविन्स्की यांनी त्याच बाजारात नकला विकल्या होत्या. त्यामुळे आपला प्रतिस्पर्धी कोण हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ‘बाल्डर्स गेट’ हा प्रचंड मोठा, पाच सीडींचा खेळ पोलंडमध्ये आणण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा साधी आकडेमोड समोर होती : फुटपाथवरचा विक्रेता त्याच पाच सीडी कितीतरी स्वस्तात देणार. किमतीत त्याला हरविणे अशक्य. कायद्याचा धाक घालावा तर पोलिसांना दुसरी कामे होती.

मग त्यांनी नकलेत नसणारी गोष्ट विकायला काढली. सारा खेळ पोलिश भाषेत आणला. त्यासाठी नाटक-चित्रपटांतले नामवंत नट बोलाविले, निवेदनाला पिओत्र फ्राँचेव्स्की यांच्यासारख्या घरोघरी परिचित नटाचा आवाज दिला. खोक्यात चर्मपत्रासारखा नकाशा, खेळाच्या नियमांची पुस्तिका आणि संगीताची वेगळी सीडी घातली. १९९९ साली तो विक्रीला आला, आणि पहिल्याच दिवशी सुमारे १८ हजार खोकी गेली. पोलंडच्या तत्कालीन बाजारपेठेत हा आकडा अचंबित करणारा होता. ज्या देशात कोणी खेळ विकत घेतच नाही असे सर्वमान्य मत होते, त्या देशातल्या लोकांनी आपल्या भाषेचा आणि आपल्या पैशाचा मान राखला गेल्याचे पाहून पाकीट उघडले. यात भाषेचा वाटा किती आणि नकाशाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण भाषेचा वाटा मोठा असावा असे वाटते. ‘स्टीम’ हे विक्रीकेंद्र चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूएल २०११ साली रशियाविषयी असेच सांगत होते. तिथले नकलाकार खेळाचे रशियन भाषांतर कंपनीच्या आधी तयार ठेवीत. कंपनीने ते वेळेवर द्यायला सुरुवात करताच चाच्यांचे माहेरघर समजली जाणारी ती बाजारपेठ तिच्या युरोपातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाली. चाचेगिरी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो, हा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडे स्टीमवर रुपयात किंमत दिसू लागली ती २०१५ मध्ये. तोवर डॉलरमध्ये व्यवहार करणारे कार्ड नसलेल्या विद्यार्थ्याला ‘विकत का घेत नाहीस’ असा उपदेश करणे सोपे होते, त्याने ते कसे करावे हे सांगणे अवघड.

सीडी प्रोजेक्टने पुढे स्वतःचे खेळ काढले आणि तेच सूत्र चालविले. २००७ सालच्या ‘विचर’ची सुधारलेली आवृत्ती वर्षभराने आली, ती आधीच्या ग्राहकांना फुकट मिळाली. २००८ साली या कंपनीने जुने खेळ विकणारे ‘गुड ओल्ड गेम्स’ हे केंद्र सुरू केले. तिथे कोणत्याही खेळाला कुलूप नव्हते. शिवाय पुस्तिका, संगीत, चित्रे जोडीला. एकदा उतरवून घेतलेली प्रत ग्राहकाची. २०१५ सालच्या ‘विचर ३’च्या साध्या खोक्यातही नकाशा, संगीताची सीडी आणि ग्राहकाचे आभार मानणारे पत्र होते. त्यानंतर सोळा छोट्या जोडण्या सर्वांना फुकट देण्यात आल्या. अशाच जोडण्या इतर कंपन्या वेगळे पैसे घेऊन विकत होत्या. संगणकावरील आवृत्तीला कुलूप नसलेल्या या खेळाच्या ५ कोटींहून अधिक प्रती २०२३ पर्यंत विकल्या गेल्या.

मात्र या कंपनीला संतपद देण्याची घाई करू नये. २०११ च्या मे महिन्यात ‘विचर २’ निघाला तेव्हा दुकानांतल्या प्रतीला कुलूप होते, स्वतःच्या केंद्रावरील प्रतीला नव्हते. इविन्स्की यांच्या म्हणण्यानुसार नक्कल झाली ती कुलूप लावलेल्या प्रतीची. ते तोडण्यात फोडणाऱ्यांना पुरुषार्थ वाटतो, उघड्या दारातून जाण्यात कसला? आठ-दहा दिवसांत कंपनीने सर्वच प्रतींवरचे कुलूप काढले. नकलांची संख्या ४५ लाखांवर गेली असावी, असा त्यांचाच अंदाज होता. आणि मग याच कंपनीने वर्षअखेरीस जर्मनीत वकिलांमार्फत संशयितांना नऊशे युरोंच्या वर रकमेच्या नोटिसा धाडल्या. निरपराध माणसेही त्यात सापडतील अशी ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये खुले पत्र लिहून ही मोहीम थांबविण्यात आली. विश्वासाचे धोरण चालविणाऱ्यालाही तोटा दिसू लागला की हात कुलपाकडेच जातो.

तोटा होतो तरी किती? येथे दोन्ही बाजूंचे पुरावे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत, कारण या वादात सोयीचा तेवढाच आकडा पुढे करण्याची खोड दोघांनाही आहे. युरोपीय आयोगाने करवून घेतलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली पूर्ण झाला. पण तो लोकांपुढे आला २०१७ मध्ये, युरोपीय संसदेच्या सदस्य युलिया रेडा यांनी पाठपुरावा केल्यावर. अगदी नव्या लोकप्रिय चित्रपटांचा अपवाद सोडता नकलांमुळे विक्री घटते असा भक्कम सांख्यिकीय पुरावा त्यात आढळला नव्हता. खेळांच्या बाबतीत तर परिणाम किंचित अनुकूलच दिसत होता. कुलूपविरोधकांना हा अहवाल फार प्रिय आहे. तथापि पुरावा न मिळणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे, असे तो अहवालच बजावतो. उलट बाजूला अमेरिकेतल्या विल्यम व्होल्कमन या संशोधकाचा २०२४ सालचा निबंध आहे. ऑस्ट्रियातल्या ‘डेनुव्हो’ या सर्वात चिवट कुलपाच्या खेळांचा त्यांनी हिशेब मांडला. कुलूप प्रकाशनानंतर पहिल्याच आठवड्यात तुटले तर उत्पन्न सरासरी विसेक टक्क्यांनी घटते. बारा आठवड्यांनंतर तुटले तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

हा निष्कर्ष गांभीर्याने घेतला पाहिजे. वीस टक्के ही क्षुल्लक रक्कम नाही. एखाद्या लहान स्टुडिओचे ते जीवनमरण ठरू शकते. कुलूप सर्वस्वी निरुपयोगी आहे असे यापुढे म्हणता येणार नाही. पण त्याच निबंधातले दुसरे वाक्य कंपन्यांना अडचणीत आणणारे आहे. कुलपाचा सारा लाभ पहिल्या तीन महिन्यांत संपत असेल, तर त्यानंतर दहा-दहा वर्षे ते ग्राहकाच्या गळ्यात ठेवण्याचे समर्थन कोणत्या हिशेबाने करणार? काही कंपन्या काही महिन्यांनी ते आपणहून काढतात. उरलेल्यांना ते काढण्यात एक पैचे नुकसान नाही. तरीही काढत नाहीत, यावरून कुलपाचे प्रयोजन केवळ चोर अडविणे हेच नसावे, असा तर्क करणे भाग पडते.

ते दुसरे प्रयोजन काय असावे, हे ‘बक्षिसा’च्याच नावाने झालेल्या एका प्रयोगातून उघड झाले. २०१० पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने नव्या खेळाच्या खोक्यात एक सांकेतिक चिठ्ठी घालायला सुरुवात केली. ती वापरली की खेळाचा काही भाग किंवा इंटरनेटवरून इतरांशी खेळण्याची सोय खुली होई. चिठ्ठी एकदाच चाले. २०११ सालच्या ‘बॅटमन : आर्कम सिटी’मध्ये वॉर्नर ब्रदर्सने तर कॅटवूमन हे सबंध पात्र अशा चिठ्ठीमागे ठेवले. जाहिरातीत हा नव्या ग्राहकाचा सन्मान होता. वस्तुतः नेम होता जुना खेळ विकत घेणाऱ्यावर. त्याला त्याच पात्रासाठी दहा डॉलर वेगळे मोजावे लागत. हा माणूस चोर नव्हता. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शाळकरी मुलगा जुने पाठ्यपुस्तक घेतो, तितकाच तो निर्दोष. विकलेल्या पुस्तकाच्या पुनर्विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार राहत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच सांगून ठेवले आहे. कायद्याने जो हक्क गेला तो चिठ्ठीने परत मिळविण्याची ही युक्ती. ग्राहकांच्या रोषामुळे इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सने २०१३ मध्ये ती सोडली.

तेव्हा बक्षीस आणि खंडणी यांतला भेद नीट पाहावा लागतो. पोलिश खोक्यातला नकाशा काढून घेतला तरी खेळ पुरा राहतो. कॅटवूमन काढली की खेळ अपुरा होतो. पहिल्यात पूर्ण वस्तूवर भर घातलेली आहे. दुसऱ्यात वस्तूचा तुकडा तोडून तोच भेट म्हणून परत दिलेला आहे. बाजाराच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द वापरतात, म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक.

मालकीचा प्रश्न इथेच येतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ साली निघाला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरची गरज होती. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि दुकानातून डबी विकत आणून कपाटात ठेवलेल्या माणसाच्या हाती निरुपयोगी चकती उरली. पुढे ग्राहकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेण्यात आले. यातून उठलेल्या चळवळीने २०२५ साली युरोपीय नागरिक-उपक्रमासाठी दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. मागणी एवढीच की विकलेला खेळ कंपनीने पाठिंबा काढल्यावरही चालण्याच्या स्थितीत ठेवावा. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला : ग्राहकाला मिळणारा हा केवळ परवाना आहे असे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने अशा डिजिटल मालासाठी ‘विकत घ्या’ असे शब्द वापरू नयेत. कायद्याने मालकी दिली नाही, निदान फसवा शब्द तेवढा काढला.

या बाबतीत आपला कायदा अमेरिकेहून थोडा शहाणा आहे, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मुळात दोष आहे. दर तीन वर्षांनी काही अपवाद जाहीर होतात. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार कायद्यात ६५-अ हे कलम घातले, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असला पाहिजे अशी अट ठेवली. स्वतः पैसे देऊन घेतलेली प्रत स्वतःला वापरता यावी म्हणून कुलूप काढणारा या अटीमुळे गुन्हेगारांच्या रांगेत बसत नाही. ही अट काढून टाकण्याचा आग्रह उद्या कोणी धरला तर तिचे मोल आपल्याला ठाऊक असलेले बरे.

एक हिशेब अजून मांडायचा राहिला. ग्राहकाला दिलेल्या या भेटींचा खर्च कोणी सोसला? सोळा फुकट जोडण्या कोणीतरी बसून तयार केलेल्या असतात. ‘विचर ३’च्या काळातील अतिरिक्त कामाच्या तक्रारी २०१७ साली बाहेर आल्या, तेव्हा ही कार्यपद्धती प्रत्येकाला मानवणारी नाही, अशा आशयाचे उत्तर संचालकांनी दिले. कथेचे मूळ लेखक आंद्झेई सापकोव्स्की यांनी हक्क एकरकमी मोबदल्यावर दिले होते. २०१८ मध्ये त्यांनी पोलिश कायद्याचा आधार घेऊन वाढीव मोबदला मागितला, आणि २०१९ च्या अखेरीस नवा करार झाला. २०२० साली ‘सायबरपंक २०७७’ वेळेत पुरा करण्यासाठी कामगारांना सहा दिवसांचा आठवडा लावला गेला. सक्तीचे जादा काम टाळू, असे आदल्या वर्षीच सांगितलेले असताना. इतके करून डिसेंबरमध्ये खेळ आला तो सदोष. सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. दुरुस्त्या फुकट दिल्या गेल्या, त्याही वर्षानुवर्षे. ग्राहकाशी नाते पुन्हा जुळले. मात्र जुलै २०२३ मध्ये कंपनीने शंभराच्या आसपास माणसे, म्हणजे नऊ टक्के कर्मचारी, कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी तिथल्या कर्मचाऱ्यांनी पोलंडमधल्या खेळ-उद्योगातील कामगारांची संघटना उभी केली, आणि या कपातीने आलेली असुरक्षितता हेच आपल्या एकत्र येण्याचे कारण म्हणून नमूद केले.